संपादित लिंबूवर्गीय रोपं आणि तणनाशक : मात्रा कशी ठरवायची, निकाल कसा वाचायचा

पेट्रीडिश

खैऱ्या रोगाच्या धाग्यावर जनुक-संपादनाचा विषय निघाला आणि गाडी तणनाशकावर घसरली, म्हणून हा वेगळा धागा. संपादित लिंबूवर्गीय रोपं निवडताना माध्यमात क्लोरसल्फ्युरॉन हे तणनाशक घालतात. ते का, किती आणि कधी, आणि निकाल वाचताना माणूस कुठे फसतो, एवढ्यापुरतंच इथे बोलू.

आधी थोडी पार्श्वभूमी. खैऱ्याचा जिवाणू पेशीत पीटीएच-ए-४ नावाचं प्रथिन सोडतो. ते झाडाच्या लॉब-१ जनुकाच्या प्रवर्तकावर (जनुक चालू करणाऱ्या भागावर) जाऊन बसतं आणि तिथून पुढे पानावर खरबरीत फोड उठतात. प्रवर्तकातली ती बसायची जागा मोडली की रोगाची किल्ली निकामी होते. मोडायचं काम कॅस हे डीएनए कापणारं प्रथिन करतं. अडचण त्यानंतर सुरू होते. भातात किंवा टोमॅटोत कॅसचं जनुक पुढच्या पिढीत संकर करून वेगळं काढता येतं. मोसंबी-संत्र्यात बी पासून फळापर्यंत पाच ते दहा वर्षं जातात. शिवाय बहुभ्रूणतेमुळे (एका बियात अनेक गर्भ) बरीच रोपं आईचीच प्रत निघतात, आणि जी खरी संकर असतात त्यांत मूळ वाणाचे गुण राहत नाहीत. म्हणजे संकर करून नागपूर संत्रा 'स्वच्छ' करायला गेलात तर हाती नागपूर संत्राच उरत नाही. पहिल्याच पिढीत परका डीएनए नसलेलं रोप मिळवणं हा एकच व्यवहार्य रस्ता.

मग कॅनामायसिन या प्रतिजैविकाला रोधक जनुक घालून निवड करता येत नाही, कारण ते जनुक स्वतःच परकं. इथे एएलएस (ॲसिटोलॅक्टेट सिंथेज) कामी येतं. ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्लं बनवण्याच्या वाटेवरचं हे पहिलं सामाईक एन्झाइम, आणि क्लोरसल्फ्युरॉनसारखी सल्फोनिल युरिया गटाची तणनाशकं नेमकं ह्यालाच कुलूप लावतात. या एन्झाइममधलं १९७ क्रमांकाचं प्रोलीन (क्रमांक ॲराबिडॉप्सिसच्या हिशेबाने) बदलून सेरीन, ल्युसीन किंवा फेनिलॅलानीन झालं की तणनाशक तिथे बसत नाही. प्रोलीनचा कोडॉन सीसी ने सुरू होतो. सायटोसीन बेस एडिटर त्यातल्या एका किंवा दोन्ही 'सी'चा 'टी' करतो. डीएनएचे दोन्ही धागे तुटत नाहीत, घुसडलेलं जनुक नाही. झाडाचंच जनुक, एक-दोन अक्षरांनी बदललेलं.

तात्पुरत्या अभिव्यक्तीत (एडिटरचं जनुक झाडाच्या डीएनएत न शिरता) एडिटर काही दिवस काम करतो आणि जिरून जातो. ज्या पेशीत एएलएस बदललं तिच्यात सोबत दिलेल्या गाइडमुळे (बदल कुठे करायचा ते दाखवणाऱ्या आरएनएमुळे) लॉब-१ सुद्धा बदललं असण्याची शक्यता बरीच वाढते. तणनाशक इथे चाळणीचं काम करतं. व्हॅलेन्सियाच्या गटाने २०२२ मध्ये कॅरिझो सिट्रेंजवर परक्या डीएनएशिवाय बेस-संपादित रोपं दाखवली. फ्लोरिडा विद्यापीठाच्या लेक आल्फ्रेडच्या केंद्राने पुढे हीच सह-संपादनाची युक्ती हॅमलिन मोसंबीत खैऱ्यासाठी वापरली.

आता मुद्द्याचं. चाळणीची भोकं केवढी ठेवायची हे प्रत्येक जातीत, प्रत्येक प्रयोगशाळेत नव्याने ठरवावं लागतं. दुसऱ्याच्या लेखातला आकडा उचलून सरळ वापरणं हे सगळ्यात महागात पडतं.

निंबोणी

धागा वाचनखुणेत. रंगपूर लाईम आणि कागदी लिंबावर मारक मात्रेची मालिका लावायची आहे. मांडणी कशी ठेवावी? कुठल्या मात्रेपासून सुरुवात?

पेट्रीडिश

@निंबोणी, अशी ठेवा.

बी ताजंच घ्या. लिंबूवर्गीय बी वाळवलं की उगवण घटते. बाहेरचं टरफल सोला, ट्वीनचा एखादा थेंब घालून ०.५ टक्के क्रियाशील सोडियम हायपोक्लोराइटमध्ये १० मिनिटं हलवा, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा, एमएस माध्यमावर (ऊतीसंवर्धनाचं नेहमीचं क्षारमिश्रण) नळीत पेरा. २७ अंशाला तीन ते चार आठवडे पूर्ण अंधारात ठेवा म्हणजे बीजपत्रांच्या वरचा दांडा लांब आणि कोवळा येतो. मग आठवडाभर १६ तास उजेड. त्या दांड्याचे १ सेंटिमीटरचे तुकडे करा. एका रोपातून साधारण चार-पाच मिळतात.

मात्रा शून्य, १०, २०, ४०, ८०, १६०, ३२० नॅनोमोलर. प्रत्येक मात्रेला ५ डिश, डिशमध्ये २० तुकडे. सात मात्रांना ७०० तुकडे, म्हणजे दीडशेच्या आसपास रोपं हवीत. संसर्गाने काही जाणारच, तेवढी जास्तीची पेरा.

माध्यम: एमएस क्षार, साखर ३० ग्रॅम, बीएपी (कोंब फुटवणारं संजीवक) १ मिलिग्रॅम, अगार ८ ग्रॅम प्रति लिटर, सामू ५.७.

तणनाशकाचा साठा: शुद्ध तांत्रिक क्लोरसल्फ्युरॉन घ्या, रेणुभार ३५७.८. डीएमएसओ या द्रावकाच्या १० मिलिलिटरमध्ये ३.५८ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिमोलर. छोट्या कुप्या भरून उणे २० ला. वापरायच्या दिवशी निर्जंतुक पाण्यात दहापट पातळ करून १०० मायक्रोमोलर करा. अर्ध्या लिटर माध्यमाला ५० मायक्रोलिटर घातलं की १० नॅनोमोलर, २०० घातलं की ४०, आणि १.६ मिलिलिटर घातलं की ३२०. सर्वांत जास्त मात्रेत जेवढं डीएमएसओ जातं तेवढंच शून्याच्या डिशमध्येही घाला, नाहीतर तुलना लंगडी.

कार्बनकॉपी

दोन गोष्टी जोडतो.

ऑटोक्लेव्हच्या आधी तणनाशक घालायचं नाही. सल्फोनिल युरियाचा पूल आम्लधर्मी पाण्यात उष्णतेने तुटतो, आणि माध्यमाचा सामू आम्लाकडेच असतो. माध्यम ५० ते ५५ अंशावर आलं की गाळणीतून गाळून घाला आणि लगेच ओता. ओतलेल्या डिश महिनाभर फ्रीजमध्ये ठेवून 'या बॅचला उरलेल्या वापरू' असंही करू नये. चार आठवड्यांनी माध्यम बदलताना मात्रा तीच, पण डिश ताज्या.

दुसरं म्हणजे दुकानातलं तणनाशक घेऊन मालिका लावायची नाही. क्लोरसल्फ्युरॉन मिळत नाही म्हणून त्याच गटातल्या मेटसल्फ्युरॉनची २० टक्के भुकटी वापरणारे आहेत. त्यात ८० टक्के भरणा, ओलावा देणारी द्रव्यं आणि चिकटवण असते. तुकडा तणनाशकाने मेला की साबणाने, हे कोण सांगणार?

निंबोणी

धन्यवाद दोघांना. एक शंका. कॅनामायसिनवर तुकडे पांढरे पडतात, ते डोळ्याला दिसतं. क्लोरसल्फ्युरॉनवर चार आठवड्यांनीही तुकडे हिरवेगार दिसले तर मात्रा कमी पडली असंच ना?

पेट्रीडिश

नाही, आणि सगळे इथेच अडकतात. कॅनामायसिन हरितलवकातल्या रायबोसोमवर घाव घालतं म्हणून रंग जातो. एएलएस अडवलं की पेशीतली नवी प्रथिनं थांबतात, पण आधीचं हरितद्रव्य जागेवरच असतं. विभाजन थांबतं, रंग टिकतो. १६० नॅनोमोलरवरचा तुकडा सहा आठवडे हिरवा राहू शकतो आणि त्याला एकही कोंब येत नाही. तो मेलेलाच धरा.

म्हणून मोजायचं काय, तर कोंब. वरच्या कापावर, म्हणजे शेंड्याकडच्या टोकाला, नखाएवढ्या हिरव्या गाठी येतात. गाठ म्हणजे कोंब नव्हे. ३ मिलिमीटरच्या वर लांबी आणि किमान एक उलगडलेलं पान असेल तरच नोंद करा. चौथ्या आणि सहाव्या आठवड्याला मोजा. संवेदनशील तुकड्यावर सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीचं चित्र दिसतं: कापाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे फिकट पिवळे उंचवटे, त्यांची टोकं काचेसारखी पारदर्शक, आणि तीन आठवडे उलटले तरी तिथल्या तिथे. शेंड्याची विभाजनशील ऊती आधी मरते, बाकीचा तुकडा मागून.

सहाव्या आठवड्याला ज्या सर्वांत कमी मात्रेवर शंभर तुकड्यांत शून्य कोंब येतात ती तुमची मात्रा. तिच्या दुप्पट करू नका. संपादित पेशीत बहुतेक वेळा दोनपैकी एकच प्रत बदललेली असते, म्हणजे निम्मं एन्झाइम अजून कुलपात. गुण प्रभावी आहे म्हणून ती जगते, पण फार दाबलं तर तीही गुदमरते.

कार्बनकॉपी

पहिल्या वाक्याशी सहमत, शेवटच्याशी अर्धवट. लिंबूवर्गीयात चुकार कोंबांचं प्रमाण इतकं असतं की 'शून्य कोंब' या मात्रेवरही ॲग्रोबॅक्टेरियम (एडिटर पेशीत पोचवणारा जिवाणू) लावलेल्या डिशमध्ये असंपादित कोंब निघतात. शेजारच्या बदललेल्या पेशी अमिनो आम्लं पुरवतात, त्यांच्या जिवावर हे जगतात. मी एक पायरी वर ठेवणं पसंत करीन. शून्य ८० वर आलं तर १००-१२०.

पेट्रीडिश

दुसऱ्या फेरीपासून वर न्या, मान्य. पहिल्या चार आठवड्यांत नको. त्या काळात बदललेली पेशी एकटी असते, नवं एन्झाइम साठायला तिला वेळ लागतो. म्हणूनच सहसंवर्धन (तुकडे जिवाणूसोबत ठेवण्याचे दिवस) संपल्या संपल्या तणनाशकावर टाकायचं की तीन ते सात दिवस मोकळीक द्यायची, यावरही वाद आहे. मी मोकळीक देण्याच्या बाजूचा. मात्र सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक पहिल्या दिवसापासून हवं, नाहीतर ॲग्रोबॅक्टेरियम डिश गिळून टाकतो.

आणि चुकार कोंबांचं अर्धं कारण जैविक नसतंच. तुकडा वाकडा असतो, त्याचं एक टोक हवेत राहतं, त्याला तणनाशक पोचत नाही. तुकडे आडवे ठेवून चिमट्याने हलके दाबा, दोन्ही काप माध्यमाला टेकले पाहिजेत. कोंब ५ मिलिमीटरचा झाला की तुकड्यापासून कापून स्वतंत्रपणे त्याच मात्रेवर ठेवा. स्वतःच्या बुडाने माध्यम प्यायला लागला की चुकार कोंब दोन-तीन आठवड्यांत उघडा पडतो.

निंबोणी

मालिकेच्या डिशमध्येही सेफोटॅक्सिम घालायचं का? तिथे जिवाणू नाहीच.

कार्बनकॉपी

घालायचं. प्रत्यक्ष प्रयोगात जेवढं असणार तेवढंच, २५० ते ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर. सेफोटॅक्सिम काही वनस्पतींत कोंब फुटायला मदत करतं, काहींत अडवतं, म्हणजे ते अगदीच तटस्थ नाही. शक्य असेल तर एका संचात एडिटर नसलेला ॲग्रोबॅक्टेरियमही लावा. जिवाणूच्या माराने तुकडा आधीच अशक्त झालेला असतो, त्याची मारक मात्रा निरोगी तुकड्यापेक्षा खाली येते.

जंभेरी

राम राम मंडळी. वरचं अर्धं डोक्यावरून गेलं, पण मतलबाचं इचारतो. हे एएलएस बदललेलं झाड बागेत लावलं तर त्याच्यावर तणनाशक मारता येईन का? मजुरी अशी झाली आहे की वर्षाला तीन निंदण परवडत नाही. बोंडवाले चोरीछुपे तणनाशक चालणारं बियाणं लावूनच राहिले, मग संत्र्यावाल्यानं काहून मागं राहावं?

मृगबहार

जंभेरीभाऊ, प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र तुम्हाला आवडणार नाही.

पहिलं, १९७ च्या जागेचा बदल सल्फोनिल युरियापुरता. सोयाबीनमध्ये मारतात ते इमाझेथापायर वेगळ्या गटातलं, इमिडाझोलिनोन. दोन्ही एएलएसवरच बसतात, पण बसायची ढब वेगळी. १९७ बदललेल्या झाडावर इमाझेथापायर बऱ्यापैकी लागूच पडतं. त्याच्यासाठी ६५३ चं सेरीन बदलावं लागतं, आणि दोन्ही गटांसाठी ५७४ चं ट्रिप्टोफॅन. ग्लायफोसेट आणि ग्लुफोसिनेट यांचा एएलएसशी संबंधच नाही, त्यांना हे झाड साध्या झाडासारखंच बळी पडणार.

दुसरं, तुम्ही कलम लावता. समजा प्रयोगशाळेतून सहनशील खुंट आला आणि वर साध्या नागपुरीचा डोळा बांधला. सहनशीलता ज्या पेशीत आहे तिथेच राहते, कलमाच्या सांध्यातून वर चढत नाही. तणनाशक मात्र चढतं. मुळाने शोषलेलं सल्फोनिल युरिया पाण्याबरोबर वर गेलं की खुंट ठणठणीत आणि वरचं कलम पिवळं. उलट केलं, डोळा सहनशील आणि खुंट साधा, तर मुळं जातील.

तिसरं, एकाच गटाचं तणनाशक बागेत वर्षानुवर्षं मारलं तर तणच सहनशील होतं. जगभरात तणांत सापडणारी सगळ्यात जास्त प्रतिकारकता एएलएस गटालाच आहे. पंजाब-हरियाणात गव्हातल्या गुल्लीदंड्याने आधी आयसोप्रोट्युरॉनला आणि मग सल्फोसल्फ्युरॉनलाही दाद देणं सोडलं. हंगामी पिकात निदान पीक फिरवता येतं. संत्र्याची बाग पंधरा-वीस वर्षं तिथेच, फिरवणार काय?

जंभेरी

हे पटलं. पण सोयाबीनचं काय? नवीन बागेत पहिले तीन-चार वर्षं आंतरपीक सोयाबीनच असते आणि त्याच्यात इमाझेथापायर मारतोच आपण. मंग ते एएलएसचंच निघालं म्हणता. त्यानं कलमं खुरटते का?

मृगबहार

खुरटतात, आणि पुष्कळदा दोष जस्ताच्या कमतरतेवर किंवा डिंक्यावर जातो.

सोयाबीनमध्ये दोन एएलएस तणनाशकं चालतात. इमाझेथापायर १० टक्के, एकरी ४०० मिली, आणि क्लोरिम्युरॉन इथाइल २५ टक्के भुकटी, एकरी १५ ग्रॅमच्या आसपास. मात्रा ग्रॅममध्ये आहे यावरूनच तिची धार कळते. पंपात तळाशी राहिलेली चिमूटभर भुकटी पुढच्या फवारणीत कोवळ्या नवतीला पुरेशी.

पानावर उडालं तर सात-दहा दिवस काही दिसत नाही. मग नवती येते ती बारीक, पेरं आखूड, पानं पिवळसर, शेंडा थांबलेला. जुनी पानं जशीच्या तशी हिरवी. पेट्रीडिश यांनी डिशमधलं जे सांगितलं तेच इथे झाडावर. जस्ताच्या कमतरतेत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असा ठळक चट्टेपट्टे नमुना असतो, आणि तो बागभर, दर नवतीला येतो. तणनाशकाचा मार एका बाजूला, वाऱ्याच्या दिशेला, आणि एकाच नवतीवर दिसतो. पुढची नवती स्वच्छ आली तर समजा झाड निभावलं. ग्लायफोसेटचा मार आणखी वेगळा: पानं पट्टीसारखी अरुंद, झुपक्याने, आणि पुढच्या बहारातही तशीच निघत राहतात, कारण ते झाडात साठून शेंड्याकडे सरकतं. ग्लायफोसेटवर केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांनीच वापरावं अशी अधिसूचना काढली होती, ते वेगळंच.

बागेत मारायचंच असेल तर: कलमाच्या दोन्ही बाजूंना मीटर-मीटर पट्टा सोडा आणि तो हाताने निंदा. नोझलला हूड लावा, पंपाचा दाब कमी ठेवा, तुषार बारीक नको. वारा सुटायच्या आत सकाळी उरका. जंभेरी लिंबाच्या खुंटावर बुडाशी फुटवे असतील तर आधी काढा, त्यांच्या हिरव्या पानातून औषध थेट खुंटात उतरतं. तीन वर्षांच्या आतल्या झाडाची सालही हिरवी असते आणि हिरवी साल शोषते, हे विसरू नका.

सातबारा

मातीचाही मुद्दा आहे. सल्फोनिल युरिया आम्लधर्मी मातीत लवकर तुटतं, विम्लधर्मीत रेंगाळतं. वरूड-मोर्शीच्या चुनखडीच्या काळ्या मातीत सामू आठच्या आसपास असला की ते जास्त काळ सक्रिय. इमाझेथापायरचं उलट, ते आम्लधर्मी मातीत मातीला धरून बसतं आणि जास्त टिकतं. गव्हात मेटसल्फ्युरॉन मारलेल्या वावरात लगेच पुढच्या मृगात कलमं लावायची असतील तर आधी त्या मातीत कुंडीत मसूर किंवा हरभरा पेरून बघा. दोन-तीन आठवड्यांत रोपटी खुरटली, मुळं आखूड राहिली तर थांबा. मसूर या गटाला फार हळवी असते, प्रयोगशाळेशिवायची चांगली चाचणी.

जंभेरी

मसुरीचं हे कामाचं सांगितलं. फळगळीसाठी २,४-डी मारतोच की, ते तर तणनाशकच. मंग त्यानं काहून झाड मरत नाही?

मृगबहार

मात्रेने. फळगळीला १०० लिटर पाण्यात २,४-डी फक्त १.५ ग्रॅम, सोबत युरिया १ किलो. म्हणजे १५ पीपीएम. त्या मात्रेला ते संजीवकासारखं वागतं, देठाजवळचा तुटण्याचा थर घट्ट ठेवतं. तणावर मारतात ती मात्रा याच्या कित्येक पट. त्यातही शुद्ध २,४-डी हवं, तणनाशकाची बाटली अंदाजाने ओतायची नाही. आधी थोड्या अल्कोहोलात विरघळवा, मग पाण्यात घाला, थेट पाण्यात ते विरत नाही. आणि कपाशी शेजारी असेल तर जिबरेलिक आम्ल तेवढ्याच ग्रॅममध्ये घ्या. कपाशीला २,४-डी चा वारा लागला तरी पानं भेंडीच्या पानासारखी होतात.

निंबोणी

परत प्रयोगशाळेत येते. कोंब मिळाला, दोन फेऱ्या टिकला. पुढे त्याची संवेदनशीलता रोप म्हणून कशी तपासायची? आणि तो खरंच परक्या डीएनएशिवाय आहे हे?

पेट्रीडिश

आधी मूळ धरायचं. बारीक कोंबाला मुळं फुटायला दिवस लागतात आणि नेमका चांगलाच कोंब वाळून जातो. त्यापेक्षा अंधारात वाढवलेल्या दोन आठवड्यांच्या सिट्रेंज किंवा जंभेरी रोपाचा शेंडा उडवून त्यावर नळीतच कलम बांधा. लिंबूवर्गीयात ही शेंडा-कलमाची पद्धत १९७० च्या दशकापासून विषाणूमुक्त रोपांसाठी रुळलेली आहे. इथे एक सावधानता: खुंट साधा असल्यामुळे कलम केलेलं रोप पुन्हा तणनाशकाच्या माध्यमावर ठेवू नका, खुंट मरेल आणि तुम्ही दोष कोंबाला द्याल. मृगबहार यांनी बागेचं जे सांगितलं तेच.

रोपाची चाचणी पानावर करायची. कुंडीत बसून तीन-चार महिने झालेली, एकाच वयाची, ऐन नवतीतली रोपं घ्या. नवती नसताना फवारलं तर साधं रोपही महिनाभर तग धरून दिसतं. मातीवर प्लास्टिक झाका म्हणजे खुंटाच्या मुळांना काही लागणार नाही. तणनाशकाच्या शिफारशीच्या पाव, अर्धी, एक आणि दोन पट मात्रा, ०.१ ते ०.२ टक्के अनायनिक चिकटवण, आणि चिकटवण घातलेलं नुसतं पाणी. २१ आणि २८ दिवसांनी फक्त फवारणीनंतर आलेली पेरं मोजा.

कार्बनकॉपी

ज्यांना महिना थांबायचं नाही त्यांनी एन्झाइमच मोजावं. कोवळ्या पानाचा अर्क काढताना पीव्हीपीपी (फिनॉलं शोषून घेणारी भुकटी) घाला, नाहीतर लिंबूवर्गीय पानातली फिनॉलं अर्क तपकिरी करतात आणि एन्झाइम मरतं. अर्काला पायरुव्हेट, थायमिन पायरोफॉस्फेट, मॅग्नेशियम आणि एफएडी द्या, वेगवेगळ्या क्लोरसल्फ्युरॉन मात्रांवर ३७ अंशाला तासभर ठेवा. मग गंधकाम्लाने थांबवून ६० अंशाला १५ मिनिटं, त्यात ॲसिटोलॅक्टेटचं ॲसिटोइन होतं. क्रिएटीन आणि अल्फा-नॅफ्थॉल घातलं की लाल रंग, ५३० नॅनोमीटरला वाचा. एकच प्रत बदललेल्या रोपात आलेख दोन पायऱ्यांचा येतो: कमी मात्रेला निम्मी क्रिया पडते आणि उरलेली निम्मी पठारासारखी टिकते. हा आकार दिसला की क्रमवाचनाआधीच अर्धं उत्तर मिळतं. शून्य वाचनासाठी 'आम्ल आधी घातलेली' नळी ठेवा, पानात आधीचं ॲसिटोइन असतं ते वजा करायला.

क्रमवाचनात दोन खड्डे. कॅरिझो हा वॉशिंग्टन नेव्हल मोसंबी आणि त्रिपर्णी पॉन्सिरसचा संकर, त्याच्या दोन प्रतींत मुळातच अक्षरफरक आहेत. दुहेरी शिखर दिसलं की संपादन झालं असं नाही. मूळ झाडाचं क्रमवाचन आधी करा, आणि गाइड दोन्ही प्रतींशी जुळतो का तेही तेव्हाच बघा. दुसरा खड्डा म्हणजे मिश्र रोप. कोंबाच्या एका थरात बदललेल्या पेशी, दुसऱ्यात साध्या. एकाच पानाचा डीएनए पुरत नाही. खालचं, मधलं, वरचं अशी तीन वेगवेगळी पानं घ्या आणि टक्केवारी तिन्हीत सारखी येते का पाहा. सारखी नसेल तर डोळे वेगळे बांधून पुन्हा वाढवा.

परका डीएनए नाही हे दाखवायला कॅस जनुकाच्या दोन-तीन तुकड्यांसाठी आणि प्लाझमिडच्या कण्यासाठी पीसीआर. सोबत ॲग्रोबॅक्टेरियमच्या गुणसूत्रावरच्या एखाद्या जनुकाचाही पीसीआर करा, नाहीतर पेशींच्या फटीत दडून बसलेला जिवाणू तुम्हाला खोटा होकार देईल. शेवटी संपूर्ण जीनोमचं क्रमवाचन.

सातबारा

त्या शेवटच्या ओळीवरच नियमांचा सगळा डोलारा आहे. जनुकबदल केलेल्या जिवांबद्दलच्या १९८९ च्या नियमांतल्या ७ ते ११ क्रमांकाच्या नियमांतून एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारच्या (झाडाच्याच जनुकात छोटा बदल केलेल्या), परका डीएनए नसलेल्या वनस्पतींना पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ च्या ज्ञापनाने सूट दिली. त्याच वर्षी मे महिन्यात जैवतंत्रज्ञान विभागाची मार्गदर्शक तत्त्वं आली. सूट आहे म्हणजे मोकाट नव्हे. परका डीएनए नसल्याचा पुरावा संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे ठेवावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत रोप बंदिस्त जागेतच. बार हे परकं, तणनाशक-रोधक जनुक घालून ग्लुफोसिनेटवर निवडलेलं रोप मात्र जुन्याच वाटेने, जीईएसी (जीएम पिकांना मंजुरी देणारी केंद्रीय समिती) पर्यंत.

जंभेरीभाऊंच्या प्रश्नाला जोडून सांगतो, तणनाशक सहन करणारी पण जीएम नसलेली पिकं आपल्याकडे आली आहेत. पुसा बासमती १९७९ आणि १९८५, दोन्ही इमाझेथापायर सहन करतात, दोन्हींत एएलएसचाच बदल, उत्परिवर्तनातून आलेला. भाताला ते ठीक, पेरणीच्या भातात तणाचा प्रश्नच तसा आहे.

जंभेरी

म्हणजे खैऱ्या न येणारा कागदी लिंबू आला तर त्यात तणनाशकाचा गुण आपोआप असनच?

पेट्रीडिश

सह-संपादनाने केला असेल तर हो, बहुधा असेल, सल्फोनिल युरियापुरता. वाण म्हणून देताना ही गोष्ट लेबलवर असावी असं माझं मत. बागायतदाराने त्या भरवशावर मेटसल्फ्युरॉन मारलं आणि खुंट साधा जंभेरी असेल, तर काय होईल ते वर लिहिलंच आहे.

निंबोणी

मालिका लावते आहे, रंगपूर लाईमवर. कागदी लिंबाचं बी सध्या ताजं मिळत नाही.

मृगबहार

कागदी लिंबाला थांबा थोडं. हस्त बहाराची फळं उन्हाळ्यात पिवळी होतात, तेव्हा झाडावरून तोडलेल्या फळाचं बी घ्या. बाजारातलं फळ नको, किती दिवसांचं आहे कळत नाही.